सेंट्रल लॉकिंगचा दोष सापडला दाराच्या सांध्यात
माझ्या २००७ सालच्या गाडीत चालकाच्या दाराला किल्ली लावली की बाकीची दारे हलत नसत. रिमोटने मात्र चारही उघडत, त्यामुळे फ्यूज आणि मोटारी शाबूत असल्याचे उघड होते. या गाडीत चालकाच्या दारातील अ‍ॅक्च्युएटरला (कुलूप सरकवणाऱ्या छोट्या मोटारीच्या संचाला) पाच तारा आहेत: दोन मोटारीच्या, तीन आतल्या स्विचच्या, आणि या स्विचवरूनच इतर दारांना इशारा जातो. मल्टिमीटरवर स्विच ठीक निघाला. मग दार आणि ते ज्याला बसवलेले असते तो गाडीचा खांब यांमधली, तारांवरची रबरी नळी सरकवली, तेव्हा तपकिरी तारेचे आवरण अखंड दिसले, पण हलकेच ओढताच ते ताणले गेले. आतले तांबे तुटले होते. बॅटरीची ऋण तार काढून, थोडी ढील राखत, लवचीक तारेचा तुकडा डाख देऊन जोडला. नवा अ‍ॅक्च्युएटर घ्यावा लागला नाही.