पहिलं काम घेण्याआधी: ॲप-वेबसाइट डिझाइन शिकणाऱ्यांसाठी तयारीची यादी

नाशिकमध्ये डिझाइन शिकणाऱ्याला क्लायंट शोधायला पुण्या-मुंबईला जावं लागत नाही. २०२७चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे पंचवटीतला लॉजवाला आणि त्र्यंबकचा होमस्टेवाला बुकिंगच्या पानाचा विचार करतोय. येवल्याच्या पैठणीला बाहेरगावचं गिऱ्हाईक हवंय, दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदाराला फवारणीच्या नोंदी नीट ठेवायच्यात, सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्याला ऑर्डरींचा हिशेब फोनवर बघायचाय. काम आहे. ते घेण्याआधी काय काय तयार असावं, ते इथे सांगतो. सॉफ्टवेअरबद्दल मी थोडंच लिहिणार आहे. वापरणाऱ्याकडे जाऊन बघणं आणि काम देणाऱ्याशी कागदावर बोलणं या दोन गोष्टींवर काम तरतं किंवा बुडतं असं माझं ठाम मत आहे, त्यामुळे जास्त जागा त्यांना.

साधनांचं आधी उरकून टाकू. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप सुरुवातीला चालतो, सोळा असेल तर सुखाचं. फिग्मा हे स्क्रीन काढायचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं आणि शिकण्यापुरतं त्याचं मोफत खातं पुरतं. मुक्त स्रोतातलं हवं असेल तर पेनपॉट आहे. महागड्या आयफोनपेक्षा एक साधा, दोन-तीन वर्षं वापरलेला अँड्रॉइड फोन जवळ ठेवा, कारण तुमच्या क्लायंटचं बहुतेक गिऱ्हाईक तसाच फोन वापरतं. जोडीला एक वही. पहिले आराखडे पेन्सिलीनेच काढा. कागदावरचं खोडताना जीव तुटत नाही, सजवलेली स्क्रीन टाकून द्यायची वेळ आली की तुटतो.

पायाच्या गोष्टी पाठ हव्यात. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक तत्त्वांत बोटाने दाबायच्या जागेचं किमान माप ४८ बाय ४८ डीपी आहे, ॲपलच्या ४४ बाय ४४ पॉइंट (डीपी आणि पॉइंट ही स्क्रीनवरच्या मापाची एककं). वेबसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांसह सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे, निकष आहेत; त्यांच्या नेहमी मागितल्या जाणाऱ्या पातळीवर साध्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं लागतं. फिकट राखाडी अक्षरं लॅपटॉपवर देखणी दिसतात आणि मार्केट यार्डातल्या दुपारच्या उन्हात दिसतच नाहीत, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. वेबपान ज्यांत लिहितात त्या एचटीएमएल आणि सीएसएस लिहिता आल्या नाहीत तरी वाचता यावं. डेव्हलपर ‘हे होणार नाही’ म्हणाला तर ते खरंच होणार नाही की त्याला वेळ नाही, एवढं ओळखण्यापुरतं तरी. सरावासाठी रोज वापरता त्या ॲपची एक स्क्रीन घ्या आणि फिग्मात हुबेहूब उतरवा, अंतरं मोजून. डोळा तयार करायला याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. आधी महिनाभर हे घरी करा, मग क्लास लावायचा का ते ठरवा. क्लास लावलाच तर आधी विचारा की विद्यार्थ्याचं काम तपासतो कोण आणि त्या माणसाने स्वतः क्लायंटचं काम केलंय का.

यादीत नसते आणि असायलाच हवी अशी बाब म्हणजे मराठी अक्षर. तयार टेम्प्लेट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनलेली असतात. त्यांत शीर्षकाच्या अक्षरांत थोडं अंतर वाढवलेलं असतं. तेच माप देवनागरीला लावलं की शिरोरेषा तुटते आणि ‘द्राक्षबाग’चे तुकडे एकेकटे उभे राहतात. तेव्हा देवनागरीसाठी अक्षरांमधलं अंतर शून्य. ओळींमधलं अंतर मात्र जास्त, दीडपटीच्या पुढे, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते. देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे इंग्रजीत कॅपिटलने मिळणारा ठसा इथे जाडी, आकार आणि मोकळी जागा यांतूनच आणावा लागतो. फॉन्ट निवडताना ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘श्री’, ‘ल’ आणि ‘श’ टाइप करून बघा. ‘ऱ्य’ नीट जुळला नाही तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. मुक्ता आणि नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही मोफत मिळतात आणि रोजच्या कामाला चांगले आहेत. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे अशी खूण करायला डेव्हलपरला सांगा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं त्यामुळे आपोआप येतात, आणि स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरलाही उच्चार कुठल्या भाषेत करायचा ते कळतं.

डिझाइन करताना खोटा भरताड मजकूर वापरू नका, पहिल्या दिवसापासून खरी मराठी वाक्यं टाका. इंग्रजी ‘सेव्ह’ चार अक्षरांत बसतं. ‘माहिती जतन करा’ बसत नाही. तिथे ‘नोंद ठेवा’ लिहायचं की बटण रुंद करायचं, हा निर्णय तुमचा आहे, कोड लिहिणाऱ्यावर ढकलू नका. नावाच्या रकान्यांकडेही बघा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असा क्रम चालतो, आणि सगळ्यांना तो लागू होतोच असंही नाही. पूर्ण नावाचा एकच मोठा रकाना बहुतेक वेळा पुरतो. आकड्यांच्या रकान्यात कोणी १२३ देवनागरीत टाइप केलं तर ते स्वीकारलं जावं, चूक म्हणून लाल होऊ नये.

आता वापरणाऱ्याकडे जाणं. समजा, फवारणीच्या नोंदीचं ॲप करायचंय. ऑफिसात बसून कोणीही तारीख, कीटकनाशकाचं नाव, प्रमाण, क्षेत्र हेक्टरमध्ये असा फॉर्म करेल. मोहाडीकडच्या एखाद्या बागेत अर्धा दिवस काढा, मग फॉर्म बदलतो. बागायतदार तारखेने बोलत नाही. ‘छाटणीपासून बेचाळिसावा दिवस’ असं बोलतो, कारण ऑक्टोबर छाटणीनंतर पुढची सगळी कामं त्या दिवसांवर ठरतात. मग छाटणीची तारीख एकदाच विचारा आणि दिवस स्क्रीनवर ठळक दाखवा, तारीख खाली बारीक. तो ‘कीटकनाशक’ म्हणत नाही, ‘औषध’ म्हणतो. बागेला ‘प्लॉट’ म्हणतो आणि प्रत्येक प्लॉटला घरातलं नाव असतं, विहिरीजवळचा, वरचा, रस्त्याचा. क्षेत्र तो एकर-गुंठ्यांत सांगतो. सातबाऱ्यावर ते हेक्टर-आरमध्ये असतं. एकरात ४० गुंठे, हे रूपांतर ॲपने करायचं, माणसाने नाही. शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते औषधागणिक वेगळं असतं, आणि निर्यातीच्या मालात औषधाचा अंश मर्यादेपुढे गेला तर माल अडतो. म्हणजे ‘या प्लॉटची काढणी अमुक दिवसाआधी नको’ ही एक ओळ त्या ॲपमधली सगळ्यात मोलाची ओळ आहे. ती मेनूत तीन पायऱ्या आत असून चालणार नाही. फवारणीचा ब्लोअर बंद करून आलेल्या माणसाचे हात ओले असतात, डोक्यावर ऊन असतं आणि रेंज कधी असते कधी नसते. टायपिंग जवळजवळ शून्यावर आणा: कालचीच नोंद पुन्हा, मागच्या वेळचंच औषध, बोलून टाकायची सोय. आणि रेंज नसताना केलेली नोंद फोनमध्येच राहून नंतर वर जाईल, हे त्याला दिसेल असं लिहा.

हे सगळं त्या बागेत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. एआयची साधनं आता मिनिटात स्क्रीन काढून देतात, ती जरूर वापरा, पण ती प्लॉटवर जाऊन उभी राहत नाहीत. तुमची किंमत तिथे आहे.

बागेसारखंच सिंहस्थाच्या कामांतही नेटवर्कचा विचार आधी. रामकुंडाच्या परिसरात लाखोंची गर्दी असताना फोनला डेटा मिळेलच याची खात्री नाही. लॉजचा पत्ता, फोन नंबर आणि दर चित्रात कोरू नका, साध्या मजकुरात ठेवा, म्हणजे फोटो उघडले नाहीत तरी यात्रेकरू फोन लावू शकेल. प्रत्येक स्क्रीनच्या भरलेल्या रूपाबरोबर बाकीची रूपंही काढा: यादी रिकामी असताना, माहिती येत असताना, पैसे कापले गेले पण बुकिंग अडकलं असताना, नेट नसताना. पोर्टफोलिओत, म्हणजे स्वतःच्या कामांच्या संग्रहात, सगळे फक्त भरलेली, हसऱ्या फोटोंची स्क्रीन लावतात. अनुभवी माणूस तुमची अडकलेल्या पैशांची स्क्रीन आधी मागेल.

क्लायंटशी पहिली भेट. काका म्हणतील, ‘तुम्हीच बघा, छानपैकी काहीतरी करून द्या’ किंवा ‘त्या अमक्याची साइट आहे ना, तशीच.’ दोन्हीला लगेच हो म्हणू नका. विचारा: हे काम आज कसं चालतं? वहीत, व्हॉट्सॲपवर की एक्सेलमध्ये? ती वही बघायला मागा. समासातल्या खुणा, वेगळ्या शाईत लिहिलेली उधारी, दुमडलेली पानं, ॲपला काय काय लागणार ते तिथेच दिसतं. रोज सर्वात जास्त वेळा कुठला फोन येतो? ॲप हातात कोण धरणार, तुम्ही, तुमचा मुलगा की काउंटरवरचा मुलगा? सहा महिन्यांनी काय झालं तर पैसे वसूल झाले असं तुम्हाला वाटेल? फोटो आणि मजकूर कोण देणार, कधी? कामं रखडतात ती बहुधा या शेवटच्या प्रश्नावर. आणि कधीकधी उत्तरांवरून कळतं की यांना ॲप लागतच नाही, गूगलवर दुकानाची नोंद आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग पुरेसा आहे. तसं स्पष्ट सांगा. तो माणूस पुढच्या वेळी तुमच्याकडेच येतो.

मग कागद. ओळखीतलं काम असेल तर जास्तच गरजेचा. त्यात किती स्क्रीन, किती वेळा बदल, किती दिवस, पैसे किती टप्प्यांत, सगळं मराठीत, क्लायंटला वाचता येईल असं. काम सुरू करण्याआधी ॲडव्हान्स घ्या; मागायला संकोच वाटतो, पण सोनाराकडेही दागिना घडवायला बयाणा द्यावाच लागतो. डिझाइनच्या हक्कांबद्दल एक कलम हवंच. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे पगारी नोकर नसलेल्या डिझायनरच्या कामाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे डिझायनरकडेच राहतो. तो क्लायंटला द्यायचा तर लेखी हस्तांतर लागतं, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता असं धरलं जातं. पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क कायमचे दिले, पोर्टफोलिओत दाखवायची मुभा माझी राहील, अशी दोन वाक्यं दोघांनाही सोयीची.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, मोफत आहे, करून ठेवा. २००६च्या एमएसएमईडी कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करारात मुदत नसेल तर १५ दिवसांत. उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा आपल्याकडे वर्षाला २० लाख उलाढाल आहे, पण बिलं पहिल्यापासून क्रमांक घालून करा.

ॲप माणसांची माहिती गोळा करणार असेल तर २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा डोळ्याखालून घाला. संमती मागताना दाखवायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायला तो कायदा सांगतो, म्हणजे मराठी मजकूर हा तुमच्या कामाचा भाग झाला. आणि ज्या माहितीचं पुढे काहीच करायचं नाही, तिचा रकाना फॉर्ममधून काढून टाका. आधार क्रमांक तर उगाच मागूच नका.

चाचणीसाठी मोठी यंत्रणा लागत नाही. पाच जणांवर करून बघितलं तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात, असं वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० सालीच मांडलं होतं. ते पाच जण तुमचे कॉलेजचे मित्र नकोत. प्रोटोटाइप, म्हणजे दाबून बघता येईल असा कच्चा नमुना, साध्या फोनवर चढवा, काम सांगा, ‘शनिवारसाठी दोन खोल्या बुक करा’, आणि गप्प बसा. अडकल्यावर मदत करायची फार इच्छा होते, करू नका. कुठे अडकले ते वहीत लिहा. मावशी ‘छान आहे हो’ म्हणाल्या तरी त्यांचं बोट कुठे थांबलं तेच खरं उत्तर.

शेवटी काम सोपवणं, आणि याची तयारी पहिल्या आठवड्यातच. डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची जागा) आणि प्ले स्टोअरचं खातं क्लायंटच्या नावावर, क्लायंटच्या ईमेलवर, क्लायंटच्या कार्डाने. प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात, ॲपलला दरवर्षी ९९. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक प्ले खात्यावरून ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत, म्हणजे निवडक लोकांपुरत्या चाचणीत, राहावं लागतं. संस्थेच्या खात्याला ही अट नाही, पण त्याला डन्स क्रमांक, म्हणजे डन अँड ब्रॅडस्ट्रीट कंपनी उद्योगांना देते तो ओळख क्रमांक, लागतो. ‘दिवाळीला ॲप हवंच’ म्हणणाऱ्या क्लायंटला हे दसऱ्याला सांगून उपयोग नाही. फिग्माच्या फाइलमध्ये पानांना समजतील अशी नावं द्या, रंग आणि अक्षरांची मापं एका जागी लिहा, चूक झाल्यावर दिसणाऱ्या संदेशांचा मराठी मजकूर डेव्हलपरला वेगळ्या शीटमध्ये द्या. आणि रोज काम करणार तो काउंटरवरचा मुलगा समोर बसवून त्याच्याच हातून खोलीचा दर एकदा बदलून घ्या.