अरोमाथेरपीपूर्वी ग्राहकाच्या तब्येतीची विचारपूस : या चुका टाळा

अरोमाथेरपीचा, म्हणजे वनस्पतींच्या सुगंधी तेलांचा उपचार सुरू करण्यापूर्वी ग्राहकाकडून आरोग्याचा फॉर्म भरून घेण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. तरीही उपचारानंतर अंगावर चट्टे उठतात, दमा उसळतो किंवा चालू औषधाशी न जुळणारे तेल लावले गेल्याचे लक्षात येते. अशा वेळी फॉर्म काढून पाहावा, तर आजाराच्या रकान्यात ‘काही नाही’ एवढेच लिहिलेले असते. ग्राहक खोटे बोललेला नसतो. त्याला जे विचारले गेले, त्याचे त्याच्या समजुतीप्रमाणे खरे तेच उत्तर त्याने दिलेले असते. म्हणून पुढे ज्या चुका सांगते आहे, त्यांतील बहुतेक प्रश्न विचारणाऱ्याच्या आहेत.

‘काही आजार आहे का?’ असे विचारणे

आपल्या बोलण्यात ‘आजार’ म्हणजे आज जे दुखते-खुपते ते. दहा वर्षे रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला आपण आजारी आहोत असे वाटत नाही, कारण गोळी चालू असल्यामुळे त्याला त्रासच होत नाही. गुडघेदुखीसाठी आलेल्या साठीच्या एका बाईंनी मला ‘तब्येत ठणठणीत आहे’ असे सांगितले होते, आणि मी त्यांच्यासाठी विंटरग्रीन घातलेले मिश्रण मोजूनही ठेवले होते. केवळ सवयीने मी विचारले, ‘सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही काय काय औषध घेता?’ त्यांनी पर्समधून गोळ्यांची एक पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. ती वॉर्फरिनची, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या औषधाची होती. हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया बऱ्याच वर्षांपूर्वी झालेली होती. ‘पण ऑपरेशन झालं ना, तो आजार तर गेला,’ असे त्या अगदी सहज म्हणाल्या. ते मिश्रण मी बाजूला ठेवले.

विंटरग्रीनच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक मिथाइल सॅलिसिलेट असते. हे द्रव्य ॲस्पिरिनच्या जातकुळीतले असून ते त्वचेतून शरीरात शोषले जाते आणि वॉर्फरिनचा परिणाम वाढवून रक्तस्रावाचा धोका निर्माण करू शकते. लवंगेच्या तेलातील युजेनॉलही रक्तकणिका एकत्र येऊन गुठळी होण्याच्या क्रियेला अडथळा आणते. त्यामुळे रक्त पातळ करणारे औषध चालू असताना अशी तेले वापरू नयेत. एका साध्या प्रश्नाचे शब्द बदलले म्हणून ही माहिती हाती आली, नाहीतर ती पर्समध्येच राहिली असती.

तेव्हापासून मी औषधांबद्दल आधी विचारते आणि आजारांबद्दल नंतर. गोळ्यांच्या पट्ट्या किंवा डॉक्टरांची चिठ्ठी सोबत आणण्याची विनंती वेळ ठरवतानाच करावी, म्हणजे ‘ती पांढरी छोटी गोळी’ यावर अडून बसावे लागत नाही. मलम, इन्हेलर, काढे, वनस्पतीजन्य गोळ्या आणि अधूनमधून स्वतःच्या मनाने घेतलेली वेदनाशामके यांची नावे घेऊन विचारावे लागते, कारण लोक यांना औषध मानत नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्याला त्या दिवशी सुई कुठे टोचली होती हे विचारावे, कारण त्या जागी मालिश केल्यास इन्सुलिन अपेक्षेपेक्षा लवकर शोषले जाऊन साखर उतरू शकते. अंगावर औषधाची पट्टी चिकटवलेली असेल, विशेषतः फेंटॅनिलसारख्या तीव्र वेदनाशामकाची, तर त्या भागावर मालिश करू नये आणि गरम टॉवेलही ठेवू नये. उष्णतेमुळे पट्टीतले औषध धोकादायक वेगाने शरीरात जाऊ शकते.

वावड्याची चौकशी अर्धवट करणे

‘तुम्हाला इसेन्शियल ऑइलची ॲलर्जी आहे का?’ या प्रश्नाला पहिल्यांदाच येणारा ग्राहक ‘नाही’ असेच म्हणणार, कारण वनस्पतींपासून काढलेली ही तीव्र सुगंधी तेले त्याने कधी वापरलेली नसतात. अत्तर, साबण, डिओडरंट किंवा केसांचा रंग लावल्यावर कधी खाज सुटली होती का, हे विचारले की बरेच काही कळते. अगरबत्ती किंवा फ्रेशनरच्या वासाने शिंका येतात का, डोके दुखते का, हेही विचारावे. कॅरिअर ऑइलबद्दल, म्हणजे सुगंधी तेल ज्यात मिसळतात त्या साध्या तेलाबद्दल, विचारायचे तर अनेकदा राहूनच जाते. बदाम, तीळ किंवा शेंगदाणे ज्याला चालत नाहीत, त्याच्या पाठीवर नेमके त्याच बियांचे तेल लावले जाण्याची शक्यता असते, आणि सारे लक्ष मात्र त्यात घातलेल्या सुगंधी तेलाच्या सहा थेंबांवर असते.

पॅच टेस्टबाबत, म्हणजे त्वचेच्या लहानशा भागावर आधी लावून पाहण्याच्या चाचणीबाबत, तीन चुका मी पुन्हा पुन्हा पाहते. एक म्हणजे शुद्ध तेलाचा थेंब थेट त्वचेवर लावून पाहणे. यामुळे ज्याला वावडे नाही त्याचीही त्वचा चिडते आणि कळत काहीच नाही. जे मिश्रण वापरायचे आहे तेच लावून पाहावे. दुसरी चूक म्हणजे पंधरा मिनिटांत निकाल लावणे. स्पर्शाने होणारी ॲलर्जी उशिरा प्रकट होते. लाली आणि खाज 48 ते 72 तासांनीही उठू शकते. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात तेव्हा पट्टी 48 तासांनी काढतात आणि त्यानंतरही एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासतात, ते याच कारणाने. आपली चाचणी म्हणजे ते निदान नव्हे, एवढे भान ठेवूनही कोपराच्या आतल्या बाजूस लावलेले मिश्रण किमान 24 तास, शक्य तर 48 तास पाहावे.

तिसरी चूक सर्वांत फसवी आहे. एकदा चाचणीत काही झाले नाही, म्हणजे ते तेल त्या व्यक्तीला कायमचे चालते असे समजले जाते. शरीर एखाद्या द्रव्याविरुद्ध संवेदनशील होण्यास पहिल्या संपर्कानंतर साधारण 10 ते 14 दिवस लागतात, म्हणून पहिली भेट निर्धोक जाऊनही तिसऱ्या भेटीत चट्टे उठू शकतात. शिवाय तेल तेच राहत नाही. टी ट्री, लिंबूवर्गीय तेले आणि लॅव्हेंडर हवेच्या संपर्काने ऑक्सिडाइज होतात, आणि अशा जुन्या तेलाने ॲलर्जी होण्याची शक्यता ताज्या तेलापेक्षा जास्त असते. म्हणून बाटली कधी उघडली ती तारीख बाटलीवर लिहावी, आणि ग्राहकाच्या नोंदीत तेलाच्या नावाबरोबर बॅच नंबरही असावा.

गरोदरपणाबद्दल चारचौघांत विचारणे

हा प्रश्न नातेवाइकांसमोर विचारला, तर खरे उत्तर मिळेलच असे नाही. तो एकांतात विचारावा, आणि ‘आपण गरोदर आहात का?’ एवढ्यावर न थांबता पाळी चुकली आहे का, गर्भधारणेसाठी प्रयत्न चालू आहेत का, हेही शांतपणे विचारावे. सुरुवातीच्या आठवड्यांत त्या स्त्रीलाच कल्पना नसते. शंका असेल तर पहिल्या तिमाहीत तेले न वापरणे हा माझ्या मते योग्य मार्ग आहे. पेनीरॉयल, हिसॉप, सेज आणि विंटरग्रीन ही तेले तर गरोदरपणात कधीच वापरू नयेत. घरी तान्हे बाळ असल्यास आईच्या अंगावर पेपरमिंट किंवा निलगिरीचे तेल लावू नये, कारण त्यांचा उग्र अंश बाळाच्या नाकाजवळ गेला तर त्याच्या श्वासाला अडथळा येऊ शकतो.

आजाराचे नाव ऐकून पुढे सरकणे

फॉर्मवर ‘दमा’ या शब्दापुढे खूण दिसली की काही जण निलगिरी काढून ठेवतात, काही जण उलट तीच घेतात, पण शेवटचा झटका केव्हा आला होता, तो वासाने आला होता का आणि इन्हेलर आत्ता जवळ आहे का, हे कोणी विचारत नाही. वासाने दमा उसळणाऱ्या व्यक्तीच्या खोलीत डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा सुगंध हवेत पसरवणारे उपकरण, लावूच नये. फिट येण्याचा इतिहास असेल तर कापूर, हिसॉप, सेज आणि रोझमेरी टाळावी. इथे बाटलीवरचे संपूर्ण वनस्पतिशास्त्रीय नाव वाचणे फार महत्त्वाचे ठरते, कारण लॅव्हेंडुला अँगस्टिफोलिया आणि लॅव्हेंडुला स्टोएकास ही दोन्ही लॅव्हेंडर म्हणूनच ओळखली जातात, पण दुसरीत कापूर आणि फेन्कोन यांचे प्रमाण बरेच जास्त असते. मधुमेह असलेल्याला पावलांना बधिरपणा आहे का, हे विचारावे. पाय गरम पाण्यात बुडवायचे असतील, तर संवेदना कमी झालेल्या पावलाला पाणी फार गरम आहे हे कळत नाही.

एक गोष्ट मात्र विचारपुशीत नव्हे, पाहण्यात सापडते. ‘पोटरी दुखते, जरा चोळून द्या’ असे ग्राहक म्हणतो, तेव्हा आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी-शेजारी पाहाव्यात. एकच पाय सुजलेला, गरम किंवा लालसर असेल, आणि अलीकडे शस्त्रक्रिया, प्लास्टर किंवा लांबचा प्रवास झाला असेल, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता धरावी. तिथे हात लावू नये, ग्राहकाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे, आणि सोबत धाप किंवा छातीत दुखणे असेल तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे.

उपचारानंतर ग्राहक कुठे जाणार, हे न विचारणे

हा प्रश्न आरोग्याच्या फॉर्मवर क्वचितच असतो. बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते, आणि ते त्वचेवर असताना ऊन लागले तर भाजल्यासारखे डाग पडतात. त्वचेवर राहणाऱ्या मिश्रणात त्याची मर्यादा 0.4 टक्के मानली जाते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर 30 मिलिलिटर कॅरिअर ऑइलमध्ये दोनच थेंब बसतात. तिसऱ्या थेंबाला ती मर्यादा ओलांडली जाते. त्याहून जास्त प्रमाण वापरले गेले असेल, तर पुढचे किमान 12 तास त्या जागेवर ऊन पडता कामा नये. ग्राहक डॉक्सिसायक्लिनसारखे उन्हाचा त्रास वाढवणारे औषध घेत असेल, तर असे तेल मुळीच वापरू नये. चेहऱ्यावर ट्रेटिनॉइनचे मलम चालू आहे का किंवा आजच दाढी, वॅक्सिंग झाले आहे का, हेही याच वेळी विचारून घ्यावे, कारण अशा त्वचेतून तेल अधिक शोषले जाते.

‘डॉक्टरांना विचारून या’ म्हणून मोकळे होणे

शंका आली की आपण ग्राहकाला डॉक्टरांकडे पाठवतो. तो परत येऊन ‘चालेल म्हणाले’ असे सांगतो. डॉक्टरांना काय विचारले गेले? बहुधा ‘मसाज घेऊ का?’ एवढेच. कोणती तेले, किती टक्क्यांनी, अंगाच्या कोणत्या भागावर आणि किती वेळ, हे त्यांना कळलेलेच नसते, त्यामुळे त्यांच्या होकाराचा आपल्याला काही उपयोग नसतो. चार ओळींची चिठ्ठी आपण स्वतः लिहून द्यावी आणि उत्तरही लेखी मागावे. ग्राहकाचे कोणतेही औषध बंद करण्याचा किंवा कमी करण्याचा सल्ला आपण कधीही देऊ नये, मग तो कितीही आग्रहाने विचारो.

उत्तर येईपर्यंत उपचार पुढे ढकलावा. ग्राहक नाराज होतो, क्वचित दुसरीकडेही जातो, हे मी अनुभवले आहे, आणि तरीही ढकलावा. उत्तर आल्यावर प्रमाण एक टक्क्यावर, म्हणजे 30 मिलिलिटरमध्ये सहा थेंबांवर आणायचे, एखादे तेल वगळायचे की तेलाविनाच मालिश करायचे, हा निर्णय त्याच्या कारणासह फॉर्मवर लिहावा. पुढच्या भेटीला तोच फॉर्म समोर ठेवून तीन प्रश्न विचारावेत : मागच्या वेळेनंतर एखादे औषध नव्याने सुरू किंवा बंद झाले का, त्या रात्री झोपेत वा श्वासात काही फरक जाणवला का, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत त्वचेवर काही उठले का. उत्तरे तारखेसह त्याच कागदावर लिहावीत, आणि त्यानंतरच बाटल्यांना हात लावावा.