मॅडोनाच्या निळ्या वस्त्राची नक्कल

इटालियन चित्रकार जोव्हान्नी बेल्लिनीच्या ‘मॅडोना ऑफ द मेडो’ (सुमारे १५००) या मेरी मातेच्या चित्रातला फक्त निळ्या वस्त्राचा तुकडा नकलेला घ्या, तैलरंगाचं बरंचसं शिक्षण तिथंच होतं. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने चुण्यांच्या सावल्या मांडा. वाळल्यावर पांढऱ्यात थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून छायाप्रकाश पुरा करा, तोही हवा त्यापेक्षा फिकट, कारण वरचा थर तो गडद करणारच. आठवडाभर तरी हात लावू नका. घाई केली की खालचा रंग उचलला जातो. मग एक भाग स्टँड ऑइल (घट्ट केलेलं जवसाचं तेल) नि दोन भाग टर्पेंटाइनमध्ये निव्वळ अल्ट्रामरीन कालवून पारदर्शक थर द्या, उजेडाच्या जागी मऊ कापडाने टिपा. खालच्यापेक्षा वरच्या थरात तेल कमी पडलं तर पुढे भेगा जातात. निळा दुधाळ दिसला तर ब्रशमध्ये पांढरा उरलाय.