खोक्यावर ‘लिनक्स’ छापलंय? घेण्याआधी या चुका टाळा

म्हापशात किंवा मडगावात कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात स्वस्तातला यूएसबी वायफाय डोंगल मागा. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत एक ओळ असते: विंडोज अमुक, मॅक तमुक आणि शेवटी लिनक्स. दुकानदार त्यावर बोट ठेवतो, आपण पैसे देतो. घरी उबुंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) मात्र वायफायची यादीच दिसत नाही. डोंगल बिघडलेला असतो असं क्वचितच. ती ओळ आपण अर्धी वाचलेली असते.

पुढचा आकडा सोडून देणं

बऱ्याच खोक्यांवर ‘लिनक्स’नंतर ‘कर्नल २.६.१८ ते ४.४’ असं काहीतरी असतं. हा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा आकडा, उबुंटूचा नव्हे. २.६ कर्नल २००३ च्या डिसेंबरात आलं आणि उबुंटू २४.०४ येतं ते ६.८ घेऊन. खोक्यातल्या सीडीवर कंपनीने टाकलेला ड्रायव्हरचा (वस्तू चालवणाऱ्या प्रोग्रामचा) सोर्स त्या जुन्या कर्नलसाठी लिहिलेला असतो. नव्यावर तो कंपाइल करायला, म्हणजे सोर्सपासून चालणारा ड्रायव्हर बांधायला जा, एररची रांग लागते. (आताच्या लॅपटॉपला सीडी घालायची कुठे, तेही कंपनीने छापायला हवं होतं.) कंपनीने कधीतरी एकदा ड्रायव्हर बांधून बघितला होता, एवढाच त्या ओळीचा अर्थ धरावा. आपल्या मशीनवर कुठलं कर्नल आहे ते टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘यूनेम -आर’ (uname -r) दिल्यावर कळतं. दुकानात जाण्याआधी तो आकडा लिहून घ्या.

उलटही होतं. वस्तू अगदी नवी, कर्नल जुनं. मीडियाटेकच्या एमटी७९२५ या वायफाय ७ चिपचा ड्रायव्हर कर्नल ६.७ मध्ये आला आणि डेबियन १२ या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात मुळात ६.१ आहे. तिथे बॅकपोर्ट्समधलं (जुन्या आवृत्तीसाठी नवी पॅकेजेस देणाऱ्या साठ्यातलं) नवं कर्नल घातल्याशिवाय गत्यंतर नाही.

मॉडेल बघणं, व्हर्जन न बघणं

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा नेहमीचा दाखला. व्हर्जन १ मध्ये अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्याने लावला की चालू. व्हर्जन २ पासून आत रिअलटेकची चिप आली आणि बऱ्याचदा ड्रायव्हर बाहेरून आणून बसवावा लागत होता. नाव तेच. फरक फक्त बारकोडशेजारच्या स्टिकरवर, ‘व्हर’पुढच्या आकड्यात.

ऑनलाइन मागवताना हा आकडा बहुधा दिसतच नाही. म्हणून डोंगलपुरतं तरी मी दुकानातूनच घ्या म्हणेन. “दादा, स्टिकरची बाजू बघू जरा,” एवढं म्हटलं की खोकं हातात येतं. मग मॉडेल, व्हर्जन आणि ‘चिपसेट’ असं तिथेच मोबाइलवर शोधा. जमलं तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (लिनक्स इन्स्टॉल न करता थेट चालवणाऱ्या) बूट केलेला लॅपटॉप सोबत न्या आणि फोडून तिथेच लावून बघायची परवानगी मागा.

लेबल नाही म्हणून नाकारणं

माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्हवर लिनक्सचं नाव शोधू नका. वेबकॅम यूव्हीसी जातीचा (यूएसबी कॅमेऱ्यांच्या ठरलेल्या पद्धतीचा) असला की पुरे. प्रिंटरच्या खोक्यावर तर ‘एअरप्रिंट’ हा शब्द ‘लिनक्स’पेक्षा भरवशाचा, कारण असे प्रिंटर ड्रायव्हरशिवाय छापतात. याउलट एचपीच्या लेझरजेट १०२० सारख्या जुन्या प्रिंटरना एचपीलिपबरोबर (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरबरोबर) वेगळा प्लगइन लागतो. त्यांना दर वेळी चालू झाल्यावर फर्मवेअर (वस्तूच्या आत चालणारा प्रोग्राम) पाठवावं लागतं. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा जाते, ते वेगळं सांगायला नको.

आणलंय, पण चालत नाही

वायफाय नाही म्हणजे ड्रायव्हर उतरवायला नेटही नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला नेट मिळतं.

मग टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (lsusb) द्या, जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी येते. रिअलटेकचे काही डोंगल लावल्यावर आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग आणतात, आत विंडोजचा ड्रायव्हर घेऊन. फाइल मॅनेजरमध्ये नवी डिस्क दिसली तर ती इजेक्ट करून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने खरा डोंगल पुढे येतो, नाहीतर हेच काम करणारा यूएसबी-मोडस्विच हा प्रोग्राम वापरा. डोंगल यादीत आहे पण वायफाय नाही, असं असेल तर ‘डीमेसेज’ (dmesg) या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडच्या शेवटच्या ओळी वाचा. ‘फर्मवेअर’ शब्दापुढे ‘फेल्ड’ दिसलं की फक्त फर्मवेअरचं पॅकेज कमी आहे.

बाहेरून आणलेला ड्रायव्हर डीकेएमएसमधून (नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधणाऱ्या सोयीतून) बसवा, नाहीतर कर्नल अपडेट झालं की तो गेलाच. आणि तो व्यवस्थित बसूनही लोड होत नसेल, ‘की वॉज रिजेक्टेड’ असं येत असेल, तर अडवणारा सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेला ड्रायव्हर चालू न देणारी सोय आहे. बसवताना उबुंटू एक नवा पासवर्ड ठरवायला सांगतो, रीबूटनंतर निळा पडदा येतो. तो काही सेकंदच थांबतो. तिथे एखादं बटण दाबून ‘एनरोल मॉक’ (आपल्या मशीनची सहीची किल्ली नोंदवणं) निवडायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. ‘कंटिन्यू बूट’ दाबलं गेलं असेल तर ‘मोकयूटिल’ (mokutil) या कमांडने ती किल्ली पुन्हा इम्पोर्ट करून परत रीबूट करा.