धडा तीनदा वाचूनही आठवत नसेल तर असं करून बघा

माझी भाची बारावीला आहे. मज्जासंस्थेचा धडा तिने तीनदा वाचला होता, पिवळ्या हायलायटरने पानंच्या पानं रंगवलेली, म्हणाली मावशी मला येतंय सगळं. मी पुस्तक मिटलं, कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं सायनॅप्समध्ये, म्हणजे दोन न्यूरॉन (मज्जापेशी) जिथे भेटतात तिथे, काय होतं ते काढून दाखव. तिने दोन न्यूरॉन काढले, मधे फट सोडली आणि पेन तिथेच थांबलं. रडवेली झाली पोर.

यात हुशारीचा काही संबंध नाही. पान समोर असलं की शब्द ओळखीचे वाटतात, ते रेकग्निशन. पान नसताना स्वतःहून आठवणं म्हणजे रिकॉल, आणि पेपरात बहुतेक तेच लागतं. वाचून वाचून ओळख वाढते आणि आपल्याला वाटतं पाठ झालं.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे तपासलं. काही मुलांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदाच वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणून वाचून उठल्या उठल्या जे "येतंय" वाटतं ना, त्याच्यावर अजिबात विसंबू नका.

मग करायचं काय, तर एका वेळी छोटा भागच घ्या, कारण वर्किंग मेमरी फार लहान असते. ओटीपी बघून टाईप करेपर्यंत जिथे राहतो ना, तीच ही. तिथे एका वेळी किती गोष्टी मावतात याचा मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलरने १९५६ मध्ये सात, अधिक-उणे दोन असा आकडा दिला होता, पुढे नेल्सन कोवन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने तो चारच्या आसपास आणला. मोबाईल नंबर आपण अठ्ठ्याण्णव, बावीस असा जोडीने सांगतो, दहा आकड्यांचे पाच तुकडे होतात, त्याला चंकिंग म्हणतात. सायनॅप्सचेही आम्ही चारच तुकडे केले: संदेश टोकाला पोचतो, कॅल्शियम आत येतं, पिशव्यांमधून न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे संदेश नेणारं रसायन, बाहेर पडतं, ते पलीकडच्या न्यूरॉनवरच्या रिसेप्टरला चिकटतं.

एवढं वाचायचं, पुस्तक मिटायचं, कागदावर काढायचं आणि मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. आठवत नसलं तरी लगेच पान उघडू नका, मिनिटभर डोकं खाजवा, त्या ओढाताणीचाच फायदा होतो.

तोच कागद त्याच दिवशी दहादा काढू नका. उद्या, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, असं अंतर ठेवा. विसरण्याचा हिशोब एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच मांडला होता, स्वतःवरच प्रयोग करून, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते हेही त्यालाच दिसलं होतं. आणि रात्री झोपा हो, प्लीज. हिप्पोकॅम्पसने, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी तयार करणाऱ्या भागाने, दिवसभरात गोळा केलेलं पक्कं करण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं, जागून चार पानं जास्त वाचली तर तेच बुडतं.

भाचीने रविवारी सायनॅप्स परत काढला. तीन टप्पे आले, कॅल्शियम राहिलं, ते तिने स्वतःच लाल पेनाने लिहिलं. आता बुधवारी परत काढायचाय.