पहिलीला इंग्रजी शिकवताना एबीसीडीने सुरुवात करू नका

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तेव्हा प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते, आणि मला तो निर्णय आजही बरोबरच वाटतो कारण इंग्रजी फक्त फी भरणाऱ्यांच्या पोरांना का मिळावं. पण निर्णय वरून येतो, वर्ग आपल्याला घ्यायचा असतो.

तर पहिले दोन-तीन महिने पाटी-वही काढूच नका, नुसतं कानावर पडू द्या. स्टँड अप, कम हिअर, ओपन द डोअर, रोज तेच आणि सोबत स्वतः करून दाखवायचं, भाषांतर नाही करायचं, पोरं बघून बघून आपोआप उठतात. मग त्यांना आधीच येणारे शब्द फळ्यावर घ्या. पुण्यातल्या पोराला बस, स्टॉप, सिग्नल, हॉस्पिटल, मोबाईल हे सगळं येतंच की! त्याला फक्त कळत नसतं की हे इंग्रजी आहे, ते कळलं की चेहरा बघा कसा खुलतो.

अक्षरं नंतर, तीही आवाजाने. बी म्हणजे ‘ब’, बसचा ब. मराठी वाचता येणारं पोर हे पटकन पकडतं, म्हणून मराठी वाचन आधी पक्कं करा, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत शक्यतो मातृभाषेतूनच शिकवा असं म्हटलंय. सेमी इंग्रजीची घाई करणाऱ्या पालकांना हेच सांगा, आणि एकदा वर्गात बसवून दाखवा.