सिंगापूरला नव्याने येताय? आधी स्वतःची बॅग नीट बघा

सिंगापूरला आलेलं प्रत्येक नवं मराठी कुटुंब पहिल्या आठवड्यात तेच विचारतं: घर कुठल्या भागात घ्यावं, मुलांना कुठल्या शाळेत घालावं, गव्हाचं पीठ कुठे मिळतं. या प्रश्नांची उत्तरं तुम्हाला दहा जण देतील. मी लिहितोय ते कोणी विचारत नाही, आणि विचारायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो. इथला फौजदारी कायदा कधी, कशासाठी आणि किती घट्ट पकडतो, ते आल्याआल्याच समजून घ्या.

वरवर पाहिलं तर हा कायदा आपल्या ओळखीचा आहे. इंग्रजांनी १८६० साली भारतासाठी जी दंडसंहिता केली, तिच्याच धर्तीवरची संहिता इथे १८७१ मध्ये मंजूर झाली. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि जुने क्रमांक गेले. इथे खून अजूनही ३०२ आहे आणि फसवणूक अजूनही ४२०. त्यामुळे शिकलेसवरलेले लोकही म्हणतात, 'कायदा तोच, फक्त अंमलबजावणी कडक.' चोरी-मारामारीपुरतं हे खरं आहे. अमली पदार्थांच्या बाबतीत मात्र हा समज घेऊन इथे वावरू नका.

आकडेच बघा. भारतात एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' समजला जातो, आणि व्यावसायिक प्रमाण वीस किलोपासून सुरू होतं. सिंगापूरच्या १९७३ च्या मिसयूज ऑफ ड्रग्ज ॲक्टखाली ५०० ग्रॅमपेक्षा जास्त गांजाची तस्करी सिद्ध झाली तर फाशी आहे. हेरॉइनसाठी ती मर्यादा १५ ग्रॅम शुद्ध अंशाची, कोकेनसाठी ३० ग्रॅम. १५ ग्रॅमहून अधिक गांजा जवळ सापडला तर तो विकण्यासाठीच होता असं कायदा धरून चालतो, आणि तसं नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

आता नव्यांच्या डोक्यात अजिबात नसलेली गोष्ट. एखाद्या खोलीची, कपाटाची किंवा पेटीची किल्ली तुमच्याकडे असेल आणि आत माल सापडला, तर तो तुमच्याच ताब्यात होता असं मानलं जातं. गाडीत सापडला तर गाडीच्या मालकावर आणि ती वापरणाऱ्यावर येतं. ताबा ठरला की तो पदार्थ काय आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, हेही गृहीत. अशी गृहीतकं भारताच्या कायद्यातही आहेत, पण इथे खटला अनेकदा त्यांच्यावरच उभा राहतो. म्हणून एक गोष्ट मनात पक्की करा: 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य इथे नुसतं म्हणून चालत नाही, ते पुराव्यानं शाबीत करावं लागतं.

आणि म्हणूनच माझी सगळ्यात मोठी सूचना पार्सलची आहे.

मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी निरोप येतो: 'दादा, पुण्याहून कोणी येतंय का? आईची औषधं आणायची आहेत, छोटंसंच पाकीट आहे.' लगेच कोणीतरी होकार देतं, कारण परक्या गावात एकमेकांना धरून राहावं हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. त्या भावनेला मी नावं ठेवत नाही. पण पाकीट चिकटपट्टी लावून बंद असतं, देणारा विमानतळाच्या दारात भेटतो, घेणारा मित्राच्या मित्राचा मित्र असतो. चांगी विमानतळावर तपासणीच्या यंत्रातून ती बॅग जाते तेव्हा ती फक्त तुमची असते.

समजा, आत खरोखरच औषधं आहेत, तरी प्रश्न सुटत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप, झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्याकडे घरोघरी कपाटात पडलेल्या असतात. इथे त्या आणायला हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीची आगाऊ परवानगी लागते, आणि ज्याची चिठ्ठी त्याचंच औषध हा नियम आहे. साधी रक्तदाबाची गोळीसुद्धा स्वतःपुरती आणि तीन महिन्यांच्या साठ्याइतकीच आणावी. दुसऱ्याच्या आईसाठी तर नाहीच. तिला म्हणावं, इथल्या पॉलिक्लिनिकमध्ये जा.

दिवाळीला आई अनारशाचं पीठ पाठवते आणि सोबत पुडीत खसखस बांधून देते. ती खसखस काढून ठेवा. अफूच्या झाडाचं बी असल्यानं परवानगीशिवाय ती इथे आणता येत नाही. एका वहिनींच्या बॅगेतून ती पुडी निघाली तेव्हा अधिकाऱ्यानं ती वर धरून दोनदा विचारलं, 'हे काय आहे?' वहिनींनी शांतपणे सांगितलं, माल जमा झाला, त्या घरी आल्या. त्यांनी आधीच विमानतळावरच्या लाल मार्गिकेत, म्हणजे सामान जाहीर करायच्या रांगेत, जाऊन 'एवढं आणलंय, बघा' असं म्हटलं असतं तर तेवढंही घडलं नसतं. शंका असेल तर लाल मार्गिका घ्या. त्यात कसलीही नामुष्की नाही.

होळीची भांगही यातच मोडते. भारताच्या कायद्यात पानांची भांग गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे, इथे ती सरळ गांजा आहे. बँकॉकची गोष्ट तर दर सुटीनंतर निघते. थायलंडनं २०२२ साली गांजा यादीतून काढला, दुकानं उघडली, आणि इथली तरुण मुलं तिकडे जाऊन 'तिथे चालतं ना' म्हणू लागली. नागरिक आणि पीआर (कायमचे रहिवासी) यांनी परदेशात केलेलं सेवन हासुद्धा सिंगापूरमध्ये गुन्हा आहे: दहा वर्षांपर्यंत कैद, वीस हजार डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परतल्यावर लघवीची चाचणी होऊ शकते, केसांचीही. तुम्ही एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, असाल तर पास गेला म्हणजे घर, शाळा, त्यावर अवलंबून असलेला बायकोचा डिपेंडंट पास सगळं एका कागदानं जातं. तिकडून सीबीडी तेल (गांजाच्या झाडापासून काढलेलं) किंवा तसल्या गोळ्या-मिठायाही आणू नका.

इतकं कडक का, याचा राग येण्याआधी इथला इतिहास पाहा. वसाहतीच्या काळात अफूचा मक्ता सरकारच लिलावात देत असे आणि सरकारी उत्पन्नाचा मोठा वाटा त्यातून येई. गोदीवर आणि गाड्या ओढण्यात राबणारे चिनी मजूर त्या अफूवर संपले. अफूवर बंदी आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. सत्तरच्या दशकात हेरॉइन आलं तेव्हा सरकारनं १९७१ मध्ये सेंट्रल नार्कोटिक्स ब्यूरो उभा केला, १९७५ मध्ये तस्करीला फाशी आणली, आणि १९७७ च्या 'ऑपरेशन फेरेट'मध्ये व्यसनींची शहरभर धरपकड केली. पिढ्यान् पिढ्या ज्या समाजानं हे पाहिलं, तो 'थोडं चालतं' या भाषेत बोलत नाही. नुसतं व्यसन असणाऱ्याला खटल्याऐवजी पुनर्वसन केंद्रात पाठवण्याची सोय आहे, पण तिथलाही मुक्काम चार वर्षांपर्यंत लांबू शकतो.

माझं मत विचाराल तर सांगतो. रात्री दोन वाजता माझी मुलगी बसनं एकटी घरी येते आणि मला झोप लागते, ही या देशानं मला दिलेली फार मोठी गोष्ट आहे. पण ती फाशीमुळे आहे असं मला वाटत नाही. गुन्हा केला तर पकडले जाऊच ही खात्री, पैसे न खाणारा पोलीस आणि लवकर लागणारा निकाल, या तिघांमुळे ती आहे. फाशी बहुतेक वेळा निरोप्याला, म्हणजे नुसता माल पोचवणाऱ्याला, होते, टोळीचा म्होरक्या सीमेपलीकडे राहतो. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे एक किलो गांजाच्या प्रकरणात ज्याला फाशी झाली, त्याच्या हातात तो गांजा कधी सापडलाच नव्हता. फोन क्रमांकांवरून त्याचा संबंध जोडला गेला होता. २०१३ पासून न्यायाधीशांना काही निरोप्यांना जन्मठेप देण्याची मुभा आहे, तीही बहुधा सरकारी वकिलानं 'यानं तपासाला ठोस मदत केली' असं प्रमाणपत्र दिलं तर. मला हे अपुरं वाटतं. तुमचं मत वेगळं असू शकेल. पण कायदा मला पटतो की नाही यानं तुमची सुटका होणार नाही.

दुसरी मोठी सूचना बँक खात्याची, आणि हल्ली नवी मुलं यातच जास्त सापडतात.

आमच्या ब्लॉकमध्ये साताऱ्याकडचा एक मुलगा राहायचा. हुशार, सरळ, आयटीत. खोलीतल्या ओळखीच्यानं त्याला गळ घातली: 'माझं खातं अजून उघडलं नाही. तुझ्या खात्यात पैसे येतील, तू फक्त रोख काढून दे. चहापाण्याचे शंभर डॉलर ठेव.' पैसे आले, त्यानं काढून दिले, शंभर डॉलरही घेतले नाहीत. ते पैसे फोनवरून फसवल्या गेलेल्या एका वृद्ध बाईचे निघाले. खातं गोठलं, त्यात त्याचा स्वतःचा पगारही अडकला. पासपोर्ट पोलिसांकडे गेला. कंपनीनं काढून टाकलं, तेव्हा वर्क पासही संपला आणि तपास चालू आहे तोवर देशात राहण्यासाठी स्पेशल पासचा कागद मिळाला. काम करता येईना, देश सोडता येईना. गावी आई आजारी होती, तो जाऊ शकला नाही. संध्याकाळी खाली बाकावर बसून तो रोज तिला व्हिडिओ कॉल करायचा आणि सांगायचा, 'सुट्टी मिळत नाही गं.'

त्यानं एक पैसा खाल्ला नव्हता. तरी सांगतो, कोणालाही खातं वापरू देऊ नका. एटीएम कार्ड देऊ नका. सिंगपासचा, म्हणजे इथल्या सरकारी डिजिटल ओळखीचा, पासवर्ड तर सख्ख्या भावालाही नको, कारण तो गुन्ह्यासाठी दुसऱ्याच्या हाती देणं हाही आता स्वतंत्र गुन्हा आहे. डिसेंबर २०२५ च्या अखेरीपासून फसवणूक करणाऱ्यांना किमान सहा आणि कमाल चोवीस वेताचे फटके आहेत, आणि त्यांना खाती पुरवणाऱ्यांनाही बारापर्यंत फटके होऊ शकतात. 'तू मला इथे डॉलर दे, माझा भाऊ तुझ्या घरी रुपये देईल' हा आपल्या लोकांचा आवडता व्यवहार; तो धंदा म्हणून परवान्याशिवाय केला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दर दोन पैशांनी बरा मिळतो म्हणून त्या वाटेला जाऊ नका. वीस हजार डॉलरच्या वर रोख घेऊन येताजाताना जाहीर करावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल. २०१८ पासून ते जवळ बाळगणंही गुन्हा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एटोमिडेट हे भुलीचं औषध घातलेले व्हेप अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणले गेले. कॉलेजच्या मुलांसाठी हे लिहितोय, आईवडिलांनी वाचून दाखवावं.

दारू पिण्याला बंदी नाही, पण सार्वजनिक जागी रात्री साडेदहा ते सकाळी सात पिता येत नाही. लिटल इंडियात शनिवार-रविवारी त्याहून कडक आहे. ८ डिसेंबर २०१३ ला तिथे बसखाली एक भारतीय मजूर सापडून गेला आणि दंगल झाली, त्यानंतर २०१५ मध्ये हा कायदा आला. रविवारी तिथे दिसणाऱ्या तमिळ, तेलुगू, बंगाली मजुरांकडे आपले कॉन्डोतले लोक ज्या नजरेनं बघतात ते मला आवडत नाही. तुम्ही राहता ती इमारत त्यांनीच बांधली आहे.

पोलिसाला पैसे देऊ करू नका, पन्नास डॉलरही नाही. त्यासाठी परदेशी चालक खरोखर तुरुंगात गेले आहेत.

तुळशीची कुंडी खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवू नका. बाराव्या मजल्यावरून पडलेली कुंडी हा निष्काळजीपणाचा फौजदारी गुन्हा ठरतो. कुंडी आतल्या बाजूला ठेवली तरी सकाळचं ऊन येतं.

फ्लॅट तुमच्या नावावर घेऊन खोल्या इतरांना देत असाल, तर किल्ल्यांचं मी वर लिहिलेलं पुन्हा वाचा. राहणाऱ्याचा पास तपासा, प्रत ठेवा, करार लेखी करा. त्याच्या खोलीची जादा किल्ली उगीच स्वतःकडे ठेवू नका.

आणि पोलिसांनी बोलावलंच तर पळू नका, फोनमधलं काही पुसू नका. वकील लगेच शेजारी बसलेला मिळेल अशी अपेक्षा धरू नका. इथे तो 'वाजवी वेळेत' मिळतो. आरोपाची सूचना वाचून दाखवतात तेव्हा बजावतात, की बचावाचं काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा, नंतर सांगितलं तर विश्वास बसणं कठीण जाईल. ते केवळ औपचारिक वाक्य नाही, न्यायालय त्यावर खरंच बोट ठेवतं. इंग्रजीत अडखळत असाल तर दुभाषा मागा, भिडेखातर 'येस, येस' म्हणू नका. जबाब पूर्ण वाचा, चूक असेल तिथे सही करण्याआधीच दुरुस्त करून घ्या. भारतीय उच्चायुक्तालय ग्रेंज रोडवर आहे. त्यांना कळवायला पोलिसांना स्वतःहून सांगा, आणि त्यांचा क्रमांक आज, हे वाचतानाच, घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकून ठेवा.